पेटीतला आर्द्रतामापक खरे सांगतो का?

सिगारच्या पेटीतील आर्द्रता आणि ती मोजणारे मापक यांविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. एकमेकांना पूरक ठरतील अशी सहा पत्रे निवडून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : माझ्या लाकडी ह्युमिडॉरमध्ये (सिगार दमट ठेवण्याच्या पेटीत) तीन आर्द्रतामापक आहेत. झाकणात बसवलेला काट्याचा मापक ६४ टक्के दाखवतो, तर दोन डिजिटल मापकांपैकी एक ७० आणि दुसरा ७३ दाखवतो. मी तिन्हींची सरासरी काढून ६९ धरतो. हे योग्य आहे का? नसल्यास खरा आकडा घरच्या घरी कसा ठरवावा?

सरासरी काढू नये, हे आधी सांगतो. एकाच मोजपट्टीने एकच लांबी तीनदा मोजताना हात हलल्यामुळे आकडे थोडे मागेपुढे होतात, तेव्हा सरासरीला अर्थ असतो. तीन वेगळ्या मापकांची गोष्ट तशी नाही. जो मापक कारखान्यातून निघतानाच पाच अंक चढा लागलेला आहे तो रोजच पाच अंक चढे दाखवणार, आणि त्याची चूक शेजारच्या मापकाच्या चुकीने फिटेल असे मानायला काहीच आधार नाही. स्वस्त डिजिटल मापकांच्या माहितीपत्रकावर पुष्कळदा ‘अधिक-उणे ५ टक्के’ असे छापलेलेच असते. म्हणजे पडद्यावरच्या ७० मागे ६५ पासून ७५ पर्यंत काहीही असू शकते. सिगारच्या बाबतीत नेमका हाच टापू महत्त्वाचा आहे, कारण साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत (म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेच्या एवढे टक्के वाफ असताना) पान लवचीक राहते, त्याच्या बरेच खाली गेल्यास ते ठिसूळ होऊन वरचे वेष्टन तडकते, आणि ७५ च्या वर फार दिवस राहिल्यास बुरशी धरू लागते. पडद्यावर दशांशचिन्हापुढचा आकडा दिसतो म्हणून मापक अचूक ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे. बारीक आकडा दाखवणे वेगळे आणि खरा आकडा दाखवणे वेगळे.

यावर उपाय एकच : ज्या हवेची आर्द्रता आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा हवेत तिन्ही मापक ठेवावेत आणि ते काय म्हणतात ते पाहावे. अशी हवा तयार करण्याचे साधन स्वयंपाकघरातच आहे, ते म्हणजे मीठ. हवा दमट झाली की उघड्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, हे सर्वांनीच पाहिलेले आहे. शुद्ध मिठाच्या बाबतीत हे सुमारे ७५ टक्क्यांना घडते. हवेची सापेक्ष आर्द्रता त्याच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून विरघळू लागते, आणि खाली आली की तेच द्रावण पाणी सोडून पुन्हा सुकू लागते. (रोजच्या वापरातले मीठ त्याआधीच ओलसर वाटते, ते त्यात राहिलेल्या मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे.) म्हणून बंद डब्यात ओले मीठ ठेवले, आणि त्यात विरघळलेले मीठ व न विरघळलेले कण असे दोन्ही शिल्लक असले, तर आतली हवा आपोआप त्या आकड्यावर येऊन थांबते. वाफ जास्त झाली तर मीठ ती पिते, आणि कमी पडली तर तेच ओले मीठ ती पुरवते. तापमानाने हा आकडा फारसा ढळत नाही. लुईस ग्रीनस्पॅन यांनी १९७७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌सच्या नियतकालिकात संपृक्त (ज्यांत आणखी क्षार विरघळू शकत नाही अशा) क्षारद्रावणांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांचाच आधार आजही घेतला जातो. त्यांत मिठासाठी १० अंश सेल्सियसला ७५.७, २० अंशांना ७५.५ आणि ३० अंशांना ७५.१ टक्के असे आकडे आहेत. आपल्या कामासाठी सरळ ७५ धरावे.

कृती अशी. बाटलीचे एखादे प्लास्टिकचे झाकण घेऊन त्यात काठाच्या जरा खालपर्यंत साधे बारीक मीठ भरावे आणि थेंबाथेंबाने पाणी घालत काडीने ढवळावे. सोडियमचे प्रमाण कमी केलेले मीठ मात्र वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते आणि अशा मिश्रणाचा आकडा ७५ वर राहत नाही. किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूसारखा लगदा झाला, आणि झाकण किंचित तिरपे केले तरी वरून पाणी वाहताना दिसले नाही, की थांबावे. हे झाकण आणि तिन्ही मापक एका लहान, पारदर्शक आणि घट्ट बसणाऱ्या डब्यात किंवा झिपच्या जाड पिशवीत ठेवावेत. काट्याचा मापक पेटीच्या झाकणातून सोडवून घ्यावा. तो बहुधा लोहचुंबकाने किंवा नुसत्या दाबाने बसवलेला असतो. लगदा मापकाला कुठेही लागता कामा नये. डबा जितका लहान, तितकी आतली हवा लवकर स्थिरावते. सहा-आठ तासांनी आकडा बराचसा बसलेला असतो, तरी पूर्ण २४ तास थांबावे, आणि डबा न उघडता आकडे बाहेरूनच वाचावेत.

समजा, चोवीस तासांनी काट्याचा मापक ७४, पहिला डिजिटल ८० आणि दुसरा ८३ दाखवू लागला. याचा अर्थ काट्याचा मापक १ अंक उतरता आहे आणि डिजिटल मापक अनुक्रमे ५ आणि ८ अंक चढे आहेत. आता पेटीतले आपले आकडे पुन्हा पाहा : ६४ मध्ये १ मिळवला, ७० मधून ५ वजा केले, ७३ मधून ८ वजा केले, तर तिन्ही ठिकाणी ६५ च येतात. अशा स्थितीत तुमची ६९ ही सरासरी चार अंकांनी फसवी ठरेल, आणि ज्या जुन्या मापकावर सर्वांत कमी भरवसा होता तोच खऱ्याच्या सर्वांत जवळ निघेल. चुकणारा मापक फेकून देण्याचे कारण नाही. त्याच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवून ‘वजा ५’ असे आणि खाली तपासणीची तारीख लिहून ठेवली, की तो निर्दोष मापकाइतकाच उपयोगी पडतो. काही डिजिटल मापकांत ही दुरुस्ती बटण दाबून आतच साठवता येते. तशी सोय असेल तर पट्टीवर फक्त तारीख लिहावी.

ही बेरीज-वजाबाकी ७५ च्या आसपासच खरी असते, हेही सांगून ठेवतो. तोच मापक ३५ टक्के आर्द्रतेला किती चुकतो हे पाहायचे असेल, तर मॅग्नेशियम क्लोराइडचा लगदा करून दुसरी चाचणी घ्यावी लागते. त्याचा आकडा २० अंशांना सुमारे ३३ टक्के येतो. सिगारच्या पेटीसाठी त्या खटाटोपाची गरज नाही.

प्रश्न : मिठाची चाचणी केली, तेव्हा दोन दिवसांनी माझा नवा डिजिटल मापक ८६ दाखवत होता आणि डब्याच्या भिंतींवर आतून थेंब जमले होते. मापक ११ अंक चढा आहे असे समजून तेवढे वजा करून मी पेटी सांभाळू लागलो, पण महिन्याभरात सिगार दाबून पाहिल्यास स्पंजासारख्या मऊ लागू लागल्या. असे का झाले?

चूक बहुधा मापकाची नसून लगद्याची आहे, आणि त्याची खूण तुम्हीच दिलेली आहे : भिंतींवरचे थेंब. २० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे १५.४ अंशांवर असतो. डब्याची भिंत मिठापेक्षा साडेचार अंशांहून अधिक थंड झाल्याशिवाय तिच्यावर थेंब धरणारच नाहीत, आणि घरात एका जागी ठेवलेल्या डब्यात इतका फरक सहसा पडत नाही. आतली आर्द्रता ९० च्या घरात असेल तर मात्र दोन अंशांचा फरकही पुरतो. तेव्हा तुमच्या डब्यात मिठाचा लगदा नव्हता, मिठाचे पाणी होते. चहाचा एक चमचा, म्हणजे पाच-सहा ग्रॅम मीठ पूर्ण विरघळायला सुमारे १५ मिलिलिटर पाणी पुरते, आणि हात सैल सुटला की तेवढे पाणी नकळत पडते. मीठ पूर्ण विरघळले की ७५ ची हमी संपली. पाणी जितके जास्त, तितका आकडा १०० कडे सरकत जातो. मीसुद्धा पहिल्या खेपेला हीच चूक केली होती, आणि एका बिचाऱ्या सरळ मापकाला आठवडाभर खोटारडा ठरवून बसलो होतो.

पुढचे ओघाने आले. मापक खरा असताना तुम्ही त्याच्यातून ११ वजा करत होतात, म्हणजे पडद्यावर ८१ दिसेपर्यंत पेटीला पाणी देत होतात आणि ते ७० आहे असे समजत होतात. आता ती वजाबाकी सोडून द्यावी, पेटीतल्या हवेला ओल देणारा पाण्याचा स्पंज काढून घ्यावा आणि आर्द्रता काही आठवड्यांत हळूहळू उतरू द्यावी. सिगार घाईने कोरड्या हवेत उघड्या टाकू नयेत, कारण बाहेरचे पान आतल्या भरणापेक्षा लवकर आकसते आणि उकलते. तोवर नवा लगदा करून चाचणी पुन्हा घ्यावी. या वेळी झाकणाच्या तळाशी मिठाचे कोरडेसर कण दिसतात याची खात्री करावी आणि डबा ऊन, पंख्याचा झोत व फ्रीजमागची ऊब यांपासून दूर ठेवावा. जागेचे एवढे मनावर घेण्याचे कारण असे की मीठ २० अंशांना आणि मापक २१ अंशांना असेल, तर मापकाभोवतीची हवा ७५ ऐवजी ७०.५ च्या आसपास भरते. एका अंशाच्या फरकाने साडेचार अंक जातात, आणि दोष मात्र मापकावर येतो.

उलट्या बाजूची चूकही होते : मीठ नुसते दमट केले, किंवा डबा चार तासांत उघडला, तर आकडा ७५ पर्यंत चढलेलाच नसतो. दोन तासांच्या अंतराने दोनदा वाचावे. आकडा अजून वर सरकत असेल तर थांबावे.

प्रश्न : पेटीसोबत आलेला काट्याचा मापक कायम ७० दाखवतो. त्याच्या पाठीमागे एक बारीक स्क्रू आहे. तो फिरवावा का?

‘कायम ७०’ हे वाचून मला माझ्या एका जुन्या मापकाची आठवण झाली. तो सहा महिने अढळपणे ७० वर उभा होता आणि मी त्याच्या इमानावर खूश होतो. मिठाच्या डब्यात ठेवला तरी ७०, नंतर कोरड्या तांदळाच्या बरणीत पुरला तरी ७०. काचेवर नखाने टिचकी मारली तेव्हा काटा दचकल्यासारखा एकदम ५२ वर जाऊन पडला. त्याची टेकण घट्ट झाली होती, इतकेच. तेव्हा प्रथम टिचकी मारून पाहा. नंतर तासभर पेटीबाहेर ठेवून काटा हलतो का ते पाहा. हलत नसेल तर स्क्रू फिरवून काहीही साधणार नाही.

स्वस्त तबकडीच्या मापकात धातूच्या पातळ पट्टीची गुंडाळी असते आणि तिच्या एका अंगाला ओल शोषणारा थर असतो; तो फुगला-आकसला की गुंडाळी उलगडते किंवा आवळते आणि काटा फिरतो. चांगल्या प्रतीच्या मापकात केस किंवा कृत्रिम तंतू असतो. माणसाचा केस आर्द्रतेने लांबतो, या गुणाचा उपयोग करून होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी केसाचा आर्द्रतामापक तयार केला आणि १७८३ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. पूर्ण कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत केस जेमतेम दोन-अडीच टक्के लांबतो, आणि तोही समान गतीने नाही : कोरड्या टोकाला जास्त, दमट टोकाला कमी. म्हणून असे मापक ज्या आकड्याच्या आसपास वापरायचे, त्याच्या जवळच जुळवलेले बरे, आणि ७० साठी ७५ ची चाचणी त्या दृष्टीने सोयीची पडते.

काटा हलत असेल तर स्क्रू फिरवण्यास हरकत नाही, पण चाचणीनंतर. डब्यातून मापक बाहेर काढताच काटा खोलीच्या हवेकडे सरकू लागतो. म्हणून डबा उघडण्याआधी ‘किती कमी किंवा किती जास्त’ एवढेच टिपून ठेवावे. डब्यात ६९ दिसत असेल तर बाहेर काढल्यावर काटा जिथे असेल तिथून त्याला सहा अंक वर न्यावे. पिशवी वापरली असेल तर मापक आतच ठेवून प्लास्टिकवरूनच स्क्रू चिमटीत किंवा बारीक पेचकसाने फिरवता येतो, आणि ते अधिक नेमके होते. जुळवणी झाल्यावर चाचणी पुन्हा एकदा घ्यावी. पाव फेरा फिरवला तरी काटा बराच पळतो, तेव्हा हात हलका ठेवावा.

प्रश्न : मापक ओल्या टॉवेलमध्ये अर्धा तास गुंडाळून तो १०० दाखवतो का ते पाहावे, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने दोन तापमापकांची ओल्या-कोरड्याची पद्धत सुचवली. यांत चांगले काय?

ओला टॉवेल खऱ्या केसाच्या मापकासाठी आहे. बराच काळ कोरड्यात राहिलेला केस ओल्या कापडाने पुन्हा ताजा होतो, आणि तसा काटा ९५ च्या पुढे गेला पाहिजे. गुंडाळीच्या तबकडीला त्याने गंज चढण्याची भीती, आणि डिजिटल मापकाला तर तो लावूच नये. शिवाय १०० ला बरोबर असणारा मापक ७० लाही बरोबर असेल याची शाश्वती नाही.

ओल्या-कोरड्या तापमापकांची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. वेधशाळांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे. ओल्या कापडातले पाणी उडताना तो तापमापक थंड होतो, आणि हवा जितकी कोरडी तितका दोघांतला फरक जास्त. कोरडा तापमापक २५ अंश आणि ओल्या कापडाने गुंडाळलेला २१ अंश दाखवत असेल, तर आर्द्रता ७० टक्के निघते. मात्र ओल्या तापमापकावरून वारा सेकंदाला तीन मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने वाहायला हवा, आणि त्याच्या वाचनात अर्ध्या अंशाची चूक झाली तर उत्तर ७३.५ वर जाते. घरातले तापमापक अर्ध्या अंशापर्यंत खरे असतातच असे नाही, आणि सिगारच्या पेटीत असा वारा कुठून आणणार? मिठाचा लगदा स्वस्त आणि अधिक भरवशाचा आहे.

प्रश्न : माझे दोन्ही डिजिटल मापक मिठाच्या चाचणीत बरोबर ७५ ला उतरले. पेटीत मात्र वरच्या कप्प्यातला ७१ आणि तळाचा ६६ दाखवतो. आता कोणावर विश्वास ठेवावा?

दोघांवरही. पाणी देणारा स्पंज किंवा जेलची बरणी बहुतेक पेट्यांत झाकणाला आतून लावलेली असते, त्यामुळे वरचा मापक तिच्या शेजारची दमट हवा मोजतो आणि तळाचा सिगारच्या थराआडची. भरलेल्या पेटीत हवा आपणहून फारशी फिरत नाही. पेटी एका बाजूने तापत असेल, तर दुसऱ्या उत्तरात सांगितलेला अंशाला साडेचार अंकांचा हिशेब तिथेही लागू पडतो. दोन्ही मापकांची जागा एका दिवसासाठी बदलून पाहा : ७१ आणि ६६ हे आकडे जागेबरोबर राहिले तर फरक पेटीतला आहे, आणि मापकाबरोबर गेले तर मापकातला. फरक पेटीतला निघाल्यास सिगार खालीवर फिरवत राहाव्यात आणि एकच मापक ठेवायचा झाल्यास तो स्पंजापासून सर्वांत दूर, सिगारच्या बरोबरीने ठेवावा. पेटी उघडून लगेच वाचलेला आकडा धरू नये. झाकण मिटल्यावर लाकूड आणि हवा यांचा पुन्हा मेळ बसायला काही तास लागतात.

प्रश्न : मिठाऐवजी ७५ टक्क्यांची तयार पुडी वापरली तर चालेल का? आणि ही तपासणी किती दिवसांनी करावी?

चालेल. बोवेडासारख्या कंपन्यांच्या तयार पुड्यांत तोच संपृक्त द्रावणाचा न्याय कागदासारख्या वेष्टनात बंद केलेला असतो. वेष्टनातून फक्त वाफ ये-जा करते, त्यामुळे पाणी जास्त पडण्याचा किंवा मीठ सांडून सेन्सर खराब होण्याचा प्रश्न राहत नाही. डबा लहान असावा आणि २४ तास द्यावेत, हे नियम मात्र तेच. पुडी आधीपासून उघडी पडलेली नसावी.

डिजिटल मापकाच्या सेन्सरमध्ये विद्युतवाहक थरांच्या मध्ये प्लास्टिकसदृश पातळ पडदा असतो. तो वाफ शोषतो तसा त्याचा विद्युत गुणधर्म बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. हा पडदा पाण्याची वाफ तेवढीच शोषतो असे नाही. अत्तर, स्पिरिट, ताजे पॉलिश यांच्या वाफाही त्यात शिरतात आणि मापक हळूहळू सरकत जातो. म्हणून त्याची जाळी स्पिरिटने कधीही पुसू नये. डिजिटल मापक सहा महिन्यांनी, काट्याचा दोन-तीन महिन्यांनी, आणि कोणताही मापक खाली पडल्यास किंवा त्याची बॅटरी बदलल्यास लगेच तपासावा. बॅटरी उतरत आली असेल तर ती चाचणीच्या आधी बदलावी, नंतर नव्हे. तयार पुडी हाताला कडक लागू लागली, म्हणजे तिच्यातले पाणी संपले. ती टाकून द्यावी आणि नवी मिळेपर्यंत झाकणभर मीठ भिजवावे.